अंश मोजला, छेद राहिला : आमच्या विद्यापीठातील प्रतिपिंड सर्वेक्षणाचे परीक्षण

मुंबईतील ज्या विद्यापीठात मी संख्याशास्त्र शिकवते तेथे करोनाच्या प्रतिपिंडांचे (संसर्गाला उत्तर म्हणून रक्तात तयार होणाऱ्या प्रथिनांचे, म्हणजे अँटीबॉडींचे) सर्वेक्षण दोनदा झाले, पहिले फेब्रुवारी २०२१ मध्ये आणि दुसरे त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये. विद्यापीठाने हे काम एका खासगी प्रयोगशाळेला दिले होते. नोंदणी करून घेणे, रक्ताचे नमुने घेणे, ते तपासणे, प्रत्येकाला त्याचा अहवाल पाठवणे आणि शेवटी परिसरातील किती जणांना संसर्ग होऊन गेला असावा याचा अंदाज प्रशासनाला देणे, अशी ही पूर्ण सेवा होती. दोन्ही वेळा मी स्वतः नमुना दिला, दोन्ही वेळा अंतिम निष्कर्ष वाचला आणि आयोजकांना लेखी अभिप्रायही दिला. विद्यापीठाचे व प्रयोगशाळेचे नाव मी येथे देत नाही. महाविद्यालये, कारखाने आणि मोठ्या गृहनिर्माण संस्थांनीही तेव्हा अशी सर्वेक्षणे करून घेतली; पुन्हा तशी वेळ आली तर त्यांना या अनुभवाचा उपयोग व्हावा एवढाच हेतू आहे.

रक्त घेण्याच्या व्यवस्थेपासून सुरुवात करते, कारण त्या भागात नाव ठेवायला जागा नव्हती. १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वांसाठी लोकल सुरू झाली होती, पण ती सकाळी सात वाजेपर्यंत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. विरार-बदलापूरकडून येणाऱ्या लिपिकांची अडचण ओळखून शिबिराची वेळ दुपारी साडेबारा ते साडेतीन ठेवली होती आणि परीक्षेच्या मोठ्या दालनात, सगळ्या खिडक्या उघड्या टाकून, एकाआड एक बाक सोडून बसण्याची सोय केली होती. माझी नस सहसा सापडत नाही, दोन-तीन ठिकाणी टोचून घ्यायची मला सवय आहे. येथे जी मुलगी रक्त घेत होती तिने आधी माझ्या नोंदणी क्रमांकाची चिकटपट्टी पिवळ्या टोपणाच्या नळीवर लावली, तो क्रमांक मला मोठ्याने वाचायला सांगितला, स्वतः अर्जावरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला आणि मगच दंडाला पट्टा आवळून म्हणाली, “मॅडम, मूठ घट्ट करा.” एकाच टोचणीत काम झाले. नळी तिने हलकेच चार-पाच वेळा उलटी-सुलटी केली आणि चौकटीत उभी ठेवली. रक्त गोठून सीरम, म्हणजे ज्यात प्रतिपिंडे तपासतात तो रक्ताचा पातळ भाग, वेगळे व्हावे म्हणून अर्धा तास त्या नळ्या तशाच उभ्या राहिल्या आणि त्यानंतर बर्फाच्या पेटीत गेल्या. शिबिरात गर्दी झाली की हाच अर्धा तास पहिल्यांदा कापला जातो. येथे तो कापला गेला नाही, हे मी घड्याळ लावून पाहिले.

अहवाल दोन दिवसांत मोबाइलवर आला आणि माझ्या पहिल्या हरकतीला तेथून सुरुवात झाली. अहवालात एक आकडा होता, ०.६२. त्याखाली १.४ ही मर्यादा दिली होती आणि त्याखाली ठळक अक्षरांत ‘निगेटिव्ह’ असा एकच शब्द होता. मला जून २०२० मध्ये करोना झाला होता. आरटी-पीसीआर चाचणी पॉझिटिव्ह होती, पाच दिवस ताप होता आणि पुढचे तीन आठवडे लसणाच्या फोडणीचासुद्धा वास येत नव्हता. म्हणजे ज्या गोष्टीचा शोध घ्यायला ही चाचणी आली होती ती माझ्या बाबतीत घडून गेल्याचा कागद माझ्याकडे होता, आणि तरी चाचणी तिला नकार देत होती.

याला प्रयोगशाळेची चूक म्हणता येणार नाही, पण अहवालाचा अपुरेपणा म्हणावेच लागेल. संसर्गानंतर शरीर आधी आयजीएम आणि त्यामागोमाग आयजीजी प्रकारची प्रतिपिंडे तयार करते. आयजीजी दीर्घकाळ टिकतात, पण कायम त्याच पातळीवर राहत नाहीत. त्यातही विषाणूच्या गाभ्यातील न्यूक्लिओकॅप्सिड प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांची पातळी काही चाचण्यांत सहा-आठ महिन्यांत मर्यादेखाली उतरते. आमच्या शिबिरातील चाचणी याच प्रथिनावर आधारलेली होती. प्रतिपिंडे उतरली म्हणजे शरीराची स्मरणशक्ती पुसली गेली असेही नाही, कारण संसर्गाची ओळख ठेवणाऱ्या पेशी वेगळ्या असतात आणि ही चाचणी त्यांना मोजत नाही. या सगळ्यासाठी अहवालात चार ओळी पुरेशा होत्या : चाचणी कोणत्या प्रथिनावरची आहे, तिची संवेदनशीलता (संसर्ग झालेल्यांपैकी किती जणांना ती ओळखते) आणि विशिष्टता (न झालेल्यांपैकी किती जणांना ती बरोबर निगेटिव्ह ठरवते) किती आहे, आणि ‘निगेटिव्ह’ याचा अर्थ ‘कधीच संसर्ग झाला नाही’ असा घेऊ नये. त्या ओळी नव्हत्या. माझ्या विभागातील एका सहकाऱ्यांनी आपला ‘निगेटिव्ह’ अहवाल पाहून आपण वर्षभर पाळलेल्या काळजीचे फळ मिळाले असे मानले, तर दुसऱ्यांनी ‘पॉझिटिव्ह’ पाहून दुसऱ्या दिवसापासून मुखपट्टी नाकाखाली आणली. दोघेही सुशिक्षित आहेत. अहवालानेच त्यांना तसे वाचायला लावले.

विशिष्टतेचा मुद्दा कोरडा वाटतो, पण तो समजला नाही तर सगळा खर्च वाया जाऊ शकतो. समजा, एखाद्या परिसरात हजार माणसे आहेत आणि त्यांतील फक्त २० जणांना संसर्ग होऊन गेला आहे. चाचणीची संवेदनशीलता ९५ टक्के असेल तर त्या २० पैकी १९ सापडतील. विशिष्टता ९८ टक्के असेल तर उरलेल्या ९८० निरोगी माणसांपैकीही सुमारे २० जण चुकून पॉझिटिव्ह ठरतील. एकूण ३९ पॉझिटिव्ह, त्यांतील निम्मे खोटे. हीच चाचणी निम्म्या लोकांना संसर्ग होऊन गेलेल्या वस्तीत वापरली तर ४७५ खरे आणि १० खोटे असे प्रमाण येते, म्हणजे तेथे तिच्यावर भरवसा ठेवता येतो. चाचणी तीच असते, परिसर बदलला की तिच्या उत्तराचे वजन बदलते. म्हणून गंभीरपणे केलेल्या सर्वेक्षणात कच्ची टक्केवारी आणि चाचणीतील त्रुटी वजा करून काढलेली टक्केवारी या दोन्ही दिल्या जातात. आमच्या अंतिम निष्कर्षात एकच टक्केवारी होती, दशांश चिन्हापुढे दोन अंकांसह, आणि ती कच्ची की दुरुस्त केलेली याचा कुठे उल्लेख नव्हता.

ती टक्केवारी मी या परीक्षणात देत नाही. ती का देत नाही, हाच माझ्या सांगण्याचा मुख्य मुद्दा आहे.

प्रादुर्भावाचे प्रमाण हा शेवटी एक अपूर्णांक असतो. अंशाच्या जागी ज्यांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली ती माणसे आणि छेदाच्या जागी ज्यांच्याविषयी आपण बोलतो आहोत ती माणसे. आमच्या सर्वेक्षणात अंशावर मनापासून मेहनत घेतली गेली, चिकटपट्टीपासून बर्फाच्या पेटीपर्यंत. छेद मात्र आपोआप तयार होऊ दिला. नोंदणीचा दुवा सर्वांना पाठवला होता आणि जो भरेल त्याची चाचणी होणार होती. त्या अर्जातील दुसरा रकाना ‘कर्मचारी क्रमांक किंवा विद्यार्थी क्रमांक’ असा होता आणि तो भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता. आमच्या इमारतीचे जिने आणि स्वच्छतागृहे ज्या मावशी धुतात, फाटकावर जे सुरक्षारक्षक उभे असतात, उपाहारगृहात जी मुले ताटे उचलतात, त्यांच्यापैकी कोणाकडेही असा क्रमांक नाही, कारण ते ठेकेदाराच्या मस्टरवर आहेत. मी विचारले तेव्हा मला उत्तर मिळाले की ते तांत्रिकदृष्ट्या विद्यापीठाचे कर्मचारी नाहीत. वेतनाच्या बाबतीत ते खरे असेल. हवेच्या बाबतीत ते खरे नाही. टाळेबंदीच्या काळात आम्ही प्राध्यापक घरी बसून संगणकावर शिकवत होतो, तेव्हा परिसरात रोज येणारी माणसे हीच होती.

मुंबईत हा दोष अधिक महाग पडतो. जुलै २०२० मध्ये महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेने माटुंगा, चेंबूर आणि दहिसर या भागांतील तीन प्रभागांत जे सर्वेक्षण केले, त्यात झोपडपट्ट्यांतील ५७ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली आणि त्याच प्रभागांतील इमारतींत १६ टक्के लोकांत. एकाच प्रभागात, एका रस्त्याच्या दोन बाजूंना, साडेतीन पटींचा फरक. सामायिक स्वच्छतागृहे आणि दाटीवाटीची घरे ही त्याची कारणे तेव्हाच सांगितली गेली होती. आता आमच्या परिसराचा विचार केवळ उदाहरण म्हणून करून पाहा. समजा, येथे येणाऱ्या दहा माणसांपैकी सात जण इमारतींत राहतात आणि तिघे झोपडपट्ट्यांत, आणि त्यांच्यातील प्रतिपिंडांचे प्रमाण त्या सर्वेक्षणासारखेच आहे. सगळ्यांना मोजले तर परिसराचे प्रमाण २८ टक्क्यांच्या थोडे वर येते. फक्त इमारतींतल्या माणसांना मोजले तर ते १६ येते. प्रयोगशाळेतील यंत्र कितीही अचूक असले तरी हा १२ टक्क्यांचा फरक ते भरून काढू शकत नाही, कारण ज्या नळ्या त्याच्यापर्यंत पोहोचल्याच नाहीत त्या ते तपासणार कसे?

जे आले तेही कोण होते, हा प्रश्न उरतोच. आपल्याला बहुधा होऊन गेला असावा अशी शंका असलेले काही आले, अतिकाळजी घेणारे काही आले, आणि रक्त देताना चक्कर येते म्हणून काही आले नाहीत. विद्यार्थ्यांपैकी तर बहुतेक आपापल्या गावी होते. वसतिगृहात मोजके संशोधक विद्यार्थी राहत होते आणि शिबिरात दिसले ते त्यांतले किंवा आसपासच्या उपनगरांत राहणारे. असे असताना निष्कर्षाच्या मथळ्यात ‘विद्यापीठ समुदायातील प्रमाण’ असे शब्द वापरायला नको होते. स्वेच्छेने आलेल्यांच्या नमुन्यातून समुदायाचे प्रमाण काढणे म्हणजे प्रवचनाला आलेल्या श्रोत्यांवरून गावातील आस्तिकांची संख्या ठरवण्यासारखे आहे.

हे काम नीट करता येते आणि ते आपल्याकडे झालेले आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मे-जून २०२० मधील पहिल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात २१ राज्यांतील ७० जिल्हे निवडले होते. प्रत्येक जिल्ह्यात १० समूह (गावे किंवा शहरातील प्रभाग) होते, आणि निवडलेल्या प्रत्येक घरातून एकच प्रौढ व्यक्ती, तीही कोणी पुढे येईल ती असे न करता, यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखी, घेतली होती. अशा २८,००० माणसांवरून ०.७३ टक्के हा अंदाज निघाला. आकडा लहान होता, पण तो कोणाविषयी आहे हे प्रत्येकाला सांगता येत होते. मुंबईच्या जुलैच्या सर्वेक्षणातही ८,८७० नमुन्यांचे उद्दिष्ट होते आणि ६,९३६ मिळाले, हे दोन्ही आकडे जाहीर केले गेले, म्हणजे किती जण सुटले हे वाचणाऱ्याला कळत होते. पुढे त्यावरचा शोधनिबंध आला तेव्हा झोपडपट्ट्यांचे कच्चे प्रमाण ५४.१ आणि इमारतींचे १६.१ टक्के, आणि चाचणीतील त्रुटी लक्षात घेतल्यास ते ५८.४ आणि १७.३ टक्क्यांपर्यंत असू शकते, असे दोन्ही मांडले गेले. महापालिकेने मार्च २०२१ मध्ये वेगळी पद्धत वापरली, दवाखान्यांत आणि खासगी प्रयोगशाळांत इतर तपासण्यांसाठी आलेल्या रक्तातील उरलेले १०,१९७ नमुने ओळख न जोडता तपासले आणि ३६.३० टक्के हे प्रमाण दिले. ती पद्धत आदर्श नव्हती, पण नमुने कुठून आले हे आकड्यासोबतच सांगितले होते. विद्यापीठाला यापेक्षा फार कमी कष्ट पडले असते. वेतनपट, ठेकेदारांची मस्टरे, वसतिगृहाची वही आणि उपाहारगृहाची हजेरी एकत्र करून एक यादी करायची, तिच्यातून यादृच्छिक क्रमांकांनी नावे काढायची, निवडलेल्याने नकार दिला तर तो नोंदवायचा. हे काम माझ्या पदव्युत्तर वर्गातील मुलांनी एका आठवड्यात करून दिले असते आणि मी तसे लेखी कळवलेही होते.

संमतीपत्राबद्दल थोडक्यात सांगते. ते दोन पानी होते आणि केवळ इंग्रजीत होते. आमच्या विभागातील शिपाईमामा माझ्याकडे ते घेऊन आले. त्यांना रक्त देण्याची भीती नव्हती. त्यांनी विचारले, “मॅडम, पॉझिटिव्ह आलं तर घरी बसवणार का? का निगेटिव्ह आलं तर बसवणार?” हा प्रश्न कोणत्याही तज्ज्ञाने विचारावा असा होता. प्रतिपिंडे असणे म्हणजे पुन्हा संसर्ग होणार नाही याची हमी धरून कोणाला प्रमाणपत्रे देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २४ एप्रिल २०२० रोजीच सुचवले होते. अहवालाचा वापर हजेरीसाठी होणार नाही, एवढे एक वाक्य मराठीत लिहिले असते तर मामांसारख्या अनेकांना माझ्या टेबलापर्यंत यावे लागले नसते. मला जे खात्रीने माहीत होते तेवढे मी त्यांना सांगितले आणि त्यांनी सही केली.

दुसऱ्या फेरीत चाचणीच्या निवडीनेच घोटाळा केला. २० ऑक्टोबर २०२१ पासून महाविद्यालये उघडली ती लशीच्या दोन मात्रा घेतलेल्यांसाठी, त्यामुळे नोव्हेंबरच्या शिबिरात आलेले जवळजवळ सगळेच लस घेतलेले होते. चाचणी मात्र तीच, न्यूक्लिओकॅप्सिडवरची. कोव्हिशिल्ड शरीराला फक्त विषाणूच्या बाहेरच्या काट्याच्या (स्पाइक) प्रथिनाची ओळख करून देते, त्यामुळे ज्याला संसर्ग झाला नाही अशा कोव्हिशिल्ड घेतलेल्या माणसाचा या चाचणीतील अहवाल निगेटिव्ह येणेच अपेक्षित आहे. कोव्हॅक्सिनमध्ये निष्क्रिय केलेला संपूर्ण विषाणू असतो, म्हणून ती घेतलेल्याच्या रक्तात गाभ्यातील प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडेही सापडू शकतात. अहवाल आल्यावर आमच्या परीक्षा विभागातील एक वरिष्ठ लिपिक, ज्यांनी दोन्ही मात्रा रांगेत तासन् तास उभे राहून घेतल्या होत्या, अक्षरशः रडवेल्या झाल्या. लस आपल्याला लागलीच नाही, असे त्यांना वाटले. त्यांची समजूत घालायला मला अर्धा तास लागला.

खेद याचा की ही चाचणी विचारपूर्वक वापरली असती तर तिच्यातून मोलाची माहिती मिळाली असती. कोव्हिशिल्ड घेतलेल्यांत गाभ्याविरुद्धची प्रतिपिंडे असणे म्हणजे प्रत्यक्ष संसर्ग होऊन गेल्याची खूण. सोबत काट्याच्या प्रथिनाची चाचणी जोडली असती तर लशीमुळे आलेली आणि आजारामुळे आलेली प्रतिपिंडे बऱ्याच अंशी वेगळी करता आली असती. त्यासाठी अर्जात लशीचे नाव विचारायला हवे होते. अर्जात ‘दोन मात्रा झाल्या आहेत का’ एवढाच प्रश्न होता. त्याच सुमाराला, ऑगस्ट-सप्टेंबर २०२१ मध्ये, महापालिकेने आपल्या पाचव्या सर्वेक्षणात एकूण ८६.६४ टक्के हे प्रमाण सांगताना लस घेतलेल्यांत ९०.२६ आणि न घेतलेल्यांत ७९.८६ असे वेगळे आकडे दिले होते. समोर उदाहरण असताना ही चूक झाली, म्हणून ती अधिक लागते.

दुसऱ्या फेरीत एक सुधारणा झाली, ती मला मनापासून नोंदवायची आहे. आमच्यापैकी काही जणांनी पाठपुरावा केल्यावर कंत्राटी कामगारांसाठी कागदी नोंदवही ठेवली गेली आणि त्यांची पाळी सुरू होण्यापूर्वी, सकाळी साडेसहा वाजता, स्वतंत्र शिबिर घेतले गेले. मी त्या दिवशी मुद्दाम गेले होते. आमच्या मजल्यावरच्या मावशींनी नोंदवहीत आपले पूर्ण नाव सावकाश, शिरोरेघ न तोडता लिहिले आणि नळीवरचा क्रमांक माझ्यासारखाच मोठ्याने वाचून दाखवला. रक्त घेणारी मुलगी तीच होती आणि तितक्याच काळजीने काम करत होती. प्रयोगशाळेची ही बाजू दोन्ही फेऱ्यांत डावी ठरली नाही.

दोन दिवसांनी आम्हा सर्वांचे अहवाल आले. मावशींचा आला नाही. आठवडा झाला तरी आला नाही, तेव्हा मी आयोजकांकडे चौकशी केली. नोंदवहीत प्रत्येक कामगाराच्या नावापुढे संपर्कासाठी एकच मोबाइल क्रमांक घातलेला होता आणि तो ठेकेदाराचा होता. साऱ्या कंत्राटी कामगारांचे अहवाल त्याच्या फोनवर गेले होते. मी त्याच दिवशी लेखी तक्रार दिली, आणि पुढच्या सोमवारी प्रत्येकाच्या अहवालाची छापील प्रत बंद पाकिटात त्या-त्या माणसाच्या हातात दिली गेली. मावशींनी पाकीट उघडून कागद माझ्यासमोर धरला आणि विचारले, “मॅडम, हे त्यांनी आधी वाचलंय ना?” मी हो म्हटले.